तू कशाला उभी राहिलीस?

टॅकेट फोर्क, केंटकी
१४ एप्रिल १९९७

रेवा,

फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस, म्हणून लिहिते आहे. आपल्या दोन घरांमध्ये एक टेकडी आणि एक ओढा, आणि सख्ख्या बहिणीला पत्र पाठवायला मी तिकीट चिकटवते आहे. टपालवाला वेंडल हसणार. हसू दे. गेल्या बुधवारपासून सगळा तालुकाच मला हसतोय, त्यात एक त्याची भर.

बुधवारच्या प्रार्थनेत तू सगळ्यांसमोर उभी राहून माझं नाव घेतलंस. "माझी बहीण ग्लेना वाट चुकते आहे, तिच्यासाठी देवाकडे मागणं मागा." वा! कुणाची चहाडी करायची तर देवाच्या कानात करावी, म्हणजे तिला कुणी चहाडी म्हणत नाही. ही युक्ती आपल्या चर्चमध्ये जुनीच आहे. पण ती तू माझ्यावर वापरशील असं मला वाटलं नव्हतं.

तुला पुढचं माहीत नसेल, म्हणून सांगते. त्या दिवशी प्रार्थनेची साखळी या फोनवरून त्या फोनवर फिरली, आणि गुरुवारी सकाळी चर्चमधली सिस्टर नोमा माझ्या दारात. हातात मॅकरोनीचं भलंमोठं भांडं, डोळ्यांत पाणी.

"उठू नकोस गं, बसून राहा," म्हणाली.

"मला काय झालंय?"

"ते मी कशाला विचारू? साखळीतून नाव आलं म्हणजे काहीतरी असणारच. डॉक्टर काय म्हणाले?"

मी धडधाकट आहे हे तिला पटवायला तास गेला. मॅकरोनी मात्र तिनं परत नेली नाही. मी ती रागारागात चार दिवस खाल्ली.

आणि मी केलं काय? दारू पिऊन गाडी ओढ्यात घातली नाही. कुणाचा नवरा पळवला नाही. स्लेट रिज रॅम्बलर्सच्या कार्यक्रमाचं तिकीट काढलं, बस. त्यांची पहिली कॅसेट या घरात कुणी आणली होती रेवा? तूच ना? माझ्या स्वयंपाकघरात घेवड्याच्या शेंगा बरण्यांत भरताना आपण दोघी ती लावून गळा फाटेस्तोवर गायचो. तेव्हा त्यांची गायिका मॉडी ब्रॅशियर देवाघरचा आवाज होती. मग ती बाई राज्याच्या राजधानीत, फ्रँकफर्टला जाऊन आमदारांच्या तोंडावर बोलली, की कोळशाच्या कंपन्या माणसं मारतात आणि तुम्ही त्यांच्या कागदांवर सह्या करता. त्या दिवसापासून ती सैतानाची झाली. रेडिओवाल्यांनी तिची गाणी बंद केली आणि तुझ्या आर्लिसनं तुमच्याकडची कॅसेट चुलीत घातली.

शाळेच्या मंडळानं कार्यक्रमासाठी तिला शाळेची व्यायामशाळा द्यायचं कबूल केलं होतं. मग अचानक तिथली फरशी खराब झाली. मी त्याच शाळेत मुलांना जेवण वाढते. फरशीला काही झालेलं नाही. आता कार्यक्रम होबर्ट स्लोनच्या गुरांच्या लिलावाच्या मांडवात आहे. होबर्ट म्हणाला, "माझ्या बैलांची काही तक्रार नाही." या तालुक्यात शहाणं बोलणारा तो एकटाच राहिला की काय?

मी जाणार आहे. दहा मे, शनिवार, दुपारी तीन वाजता. पुन्हा प्रार्थना सांगायची असेल तर वेळ नीट सांग.

ग्लेना


२ मे

रेवा,

काल आर्लिस माझ्या ओसरीवर आला होता. तूच पाठवलंस की आपणहून आला, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. टोपी हातात धरून उभा. बस म्हटलं तर बसला नाही. मी गोड चहा आणला, त्याला हात लावला नाही. तेव्हाच मी समजले, आज मेहुणा आलेला नाही, पाद्री आलाय.

म्हणाला, "ग्लेना, डेकोरेशनचा दिवस जवळ आलाय."

"दरवर्षी येतो. मे महिन्याचा शेवटचा रविवार."

"त्या बाईच्या तमाशाला गेलीस, तर त्या दिवशी कुटुंबाबरोबर गायला उभी राहू नकोस. आधी चर्चसमोर येऊन चूक कबूल कर, मग पाहू."

रेवा, तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. टेकडीवरच्या त्या कबरी आपण झाडून काढतो, फुलं लावतो, लांब टेबलांवर जेवण मांडतो आणि डॅडीसाठी गातो. वरचा सूर तुझा, खालचा माझा. डॅडी गेल्यापासून एक वर्ष चुकवलं नाही. मॉमी गेली त्या वर्षीसुद्धा नाही. आणि हा मला सांगतो की माझ्याच बापाच्या कबरीपाशी मी मुकी उभी राहायची!

मी म्हटलं, "आर्लिस, डॅडी माझाही होता."

"म्हणूनच सांगतोय. त्याच्या नावाला शोभेल असं वाग."

मग मी जे कधी बोलत नाही ते बोलले. म्हटलं, "त्या बाईच्या शिव्यांनी तुला त्रास होत नाही. राजकारणानंही होत नाही. तुला त्रास होतो त्या यंत्राच्या गाण्याचा."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. टोपी घातली आणि निघून गेला.

तू ते गाणं ऐकलंच असणार, चुलीत घालण्याआधी. सरकारी नियमानं खाणकामगाराच्या सदऱ्याला धूळ मोजायचं यंत्र लावायचं, आणि पाळीभर त्यानं ते अंगावर ठेवायचं. धूळ जास्त निघाली तर काम बंद. मग ते यंत्र जायचं कुठे? बाहेरून ताजी हवा येते त्या बोगद्यात, खिळ्याला. आपल्याकडच्या प्रत्येक खाणीत असंच चालायचं आणि हे प्रत्येक घराला माहीत आहे. डॅडी कोळसा कापायच्या मशीनवर होता, सगळ्यात जास्त धूळ त्याच्याच तोंडावर. यंत्र त्याच्याच सदऱ्याला लागायचं. आणि त्याच्या पाळीचा मुकादम कोण होता? तेव्हा चर्चमध्ये 'ब्रदर आर्लिस' नव्हता तो, नुसता आर्लिस होता.

डॅडीची शेवटची दोन वर्षं तू पाहिलीस. आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून खुर्चीत बसून झोपायचा. कंपनीच्या डॉक्टरनं एक्स-रे पाहून सांगितलं, विड्यांनी झालंय. डॅडीनं जन्मात विडी ओढली नाही.

इतकी वर्षं मी तुझ्यासाठी मूग गिळून बसले. तुझ्या टेबलावर आर्लिसच्या हातून मक्याचा पाव घेतला, 'आमेन' म्हटलं. आता तो मला कबरीपाशी गप्प करणार असेल, तर मी इतर सगळीकडे बोलणार आहे.

ग्लेना


११ मे

रेवा,

मी तुला पाहिलं.

आधी हे सांगते, कारण तू म्हणशील गर्दी होती. गर्दी होतीच. पण होबर्टचा मांडव गोल आहे. मधे गुरं फिरवायचं रिंगण, भोवती चढत्या बाकांच्या रांगा. इकडचा माणूस तिकडच्याच्या नाकावरची माशीही पाहू शकतो. मी लिलाव पुकारायच्या खोलीच्या बाजूला, आणि तू बरोबर समोर, फाटकाजवळ. तुझा निळा रविवारचा ड्रेस. शेजारी आर्लिस, मांडीवर टोपी. मागे अर्धं चर्च, सगळे इस्त्रीच्या कपड्यांत, शेणाच्या वासानं नाकं मुरडत.

तुम्ही तिथे गाणं ऐकायला आला नव्हता, हे मला ठाऊक होतं. नोमानं आदल्या दिवशीच सांगून टाकलं. तिच्या पोटात काही राहत नाही, हे तुम्ही कट करताना लक्षात ठेवायला हवं होतं. मॉडीनं राजकारण सुरू केलं की आर्लिस टोपी घालून उभा राहणार, मग सगळ्यांनी उठायचं आणि तिच्या तोंडावर फाटकातून बाहेर पडायचं. तिकिटं काढून निषेध! बाकीच्यांना तरी परवडेल अशी युक्ती करायची.

रिंगणात ताजा भुसा टाकला होता. मॉडी ब्रॅशियर दिसायला अगदीच किडकिडीत निघाली गं. पुरुषी पँट, केस पांढरे झालेले, आणि गळ्यात तिच्याहून मोठी गिटार. पहिल्याच वाक्याला म्हणाली, "शाळेच्या मंडळाचे आभार. मी पुष्कळ सभागृहांत गायले, पण इथल्या घाणीचा वास निदान लपवलेला नाही." मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. मी इतकी हसले की शेजारच्या अनोळखी बाईच्या अंगावर चहा सांडला. फिडलवाल्यानं धून धरली तेव्हा माझे पाय आपोआप ठेका धरू लागले. त्या तासाभरात मी राग विसरले होते. तेवढाच तास.

पुढच्या रांगेत म्हातारे खाणकामगार होते. नाकात नळ्या, पायाशी ऑक्सिजनच्या टाक्या. बर्चेल कॉम्ब्स होता त्यांच्यात, डॅडीच्या पाळीतला. मॉडी त्यांच्यापाशी जाऊन थांबली. गिटारवरचा हात काढला. म्हणाली, "पुढचं गाणं रेडिओवर लागत नाही. ते म्हणण्याआधी मला बघायचंय मी कुणासाठी गातेय. ज्यांचं कुणी काळ्या फुफ्फुसाच्या रोगानं गेलं, त्यांनी उभं राहा."

मी उभी राहिले. समोर पाहिलं.

तू उभी होतीस.

तुमच्या सगळ्या बाकांवर तू एकटी. आर्लिस अजून बसलेला, टोपी मांडीवर. त्यानं मान वर करून तुझ्याकडे पाहिलं, मग घाईघाईनं टोपी डोक्यावर ठेवली आणि उठला. तो उठला म्हणताच मागचं अख्खं चर्च धडाधड उठलं.

मॉडीनं तिकडे पाहिलं. तिला कसलं माहीत असणार? तिनं हात छातीवर ठेवला. "देवा," म्हणाली, "एका बाजूला एवढे?"

आणि लोक टाळ्या वाजवायला लागले रेवा! तुम्हाला! तुमच्या पाठीवर थापा पडायला लागल्या. तो बर्चेल, ज्याला चार पावलं टाकायला दम लागतो, तो टाकी ओढत रिंगणाच्या कडेनं फाटकापर्यंत गेला आणि त्यानं आर्लिसचा हात दोन्ही हातांत धरला. शांतता झाली होती, सगळ्यांनी ऐकलं. "ब्रदर, तू उभा राहशील असं वाटलं नव्हतं मला. माझ्या मनात तुझ्याबद्दल फार वाईट होतं. माफ कर."

आता कसा जाणार बाहेर? आर्लिसनं टोपी काढली. मग सगळ्यांनी काढल्या. आणि खरं सांगू, त्या बाकांवर खोटं उभं कुणीच नव्हतं. नोमाचे दोन भाऊ त्यातच गेले. आर्लिसचा बाप त्यातच गेला. निघून जायला उठलेली माणसं आपापल्या मेलेल्यांसाठी तिथे खिळून राहिली आणि मॉडीनं गाणं म्हटलं.

यंत्र टांगलं ताज्या वाऱ्यात,
वारा म्हणाला धूळ नाही.
बाप खोकला भिंतीआड,
कागद म्हणाला बाप नाही.

मांडवात भुशामुळे फार धूळ होती. माझ्या डोळ्यांना पाणी येत होतं ते त्यानं.

गाणं संपल्यावर मी तुला शोधलं, पण तुम्ही मागच्या बाजूनं निघून गेला होता.

ग्लेना


१९ मे

रेवा,

धन्य आहे तुमची! मी चर्चला आले नाही, पण काल आर्लिसनं काय सांगितलं ते जेवणाच्या आधी माझ्या दारात पोचलं होतं. म्हणे चर्चची माणसं निषेधासाठी उभी राहिली. म्हणे सैतानानं टाळ्या वाजवून त्यांचा निषेध बुडवला. म्हणे त्या बाईनं देवाच्या लेकरांना फसवून आपल्या तमाशात ओढलं.

म्हणजे बर्चेलनं ज्याचा हात धरला तो कोण होता? त्या म्हाताऱ्यानं एवढ्या लोकांत माफी मागितली. आता आर्लिस म्हणतो, मी तुझ्यासाठी उभा नव्हतोच. बर्चेलला हे कुणी सांगितलं असेल तर त्याला काय वाटलं असेल? दम लागत असताना टाकी ओढत गेला होता तो. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण व्यासपीठावरून, रविवारी, 'आमेन' सकट पहिल्यांदाच.

नोमालाही ते जड गेलं. म्हणाली, "मी तर माझ्या भावांसाठी, लॉनी आणि ड्यूईसाठी उभी होते गं. निघून जायचं मी विसरलेच." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "रेवा बोलली नाही, मग मी कोण?"

म्हणून तुला विचारते. आर्लिसनं टोपी घातली नव्हती. खूण झाली नव्हती. तू त्याच्या आधी उठलीस. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि आर्लिसनंही पाहिलंय. काल तो तिथे उभा राहून बोलत होता तेव्हा तू पहिल्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसली होतीस, म्हणे.

तू कशाला उभी राहिलीस? मला लिही. वेंडलकडे दे, नाहीतर दारात ठेव, नाहीतर फोन करून एक शब्द बोल आणि ठेवून दे. पण येत्या रविवारच्या आधी सांग. टेकडीवर मी येणारच आहे. माझ्या शेजारी कोण उभं असणार, एवढं मला कळू दे.

ग्लेना


२७ मे

रेवा,

तू काही लिहिलं नाहीस. जे सांगायचं ते चारचौघांत, कबरीपाशी सांगितलंस. मला दोन दिवस लागले हातात पेन धरायला.

मी घेवड्याचं पातेलं टेबलावर ठेवून डॅडीच्या दगडापाशी येऊन उभी राहिले तेव्हा सगळे जरा बाजूला सरकले. मला देवी निघाल्यासारखे. आर्लिस म्हणाला, "ग्लेना, मी बोललो होतो." मी म्हटलं, "ऐकलं होतं." त्यानं मग माझ्याकडे पाठ केली आणि जुन्या रीतीनं भजनाची पहिली ओळ दिली. ओळ देणाऱ्यानं दिली की आपण सगळ्यांनी ती उचलायची. आणि आपल्याकडे ती पहिल्यांदा तू उचलतेस, तुझ्यामागे बाकीचे.

तू उचलली नाहीस.

आर्लिसनं पुन्हा ओळ दिली. तू तोंड मिटून उभी. मग तू म्हणालीस, मोठ्यानं, "मी निघून जायला उठले नव्हते. मी डॅडीसाठी उठले."

तिथेच थांबली असतीस तर मी जिंकले असते. तुला मिठी मारून आर्लिसकडे असं बघितलं असतं की बस. पण तू थांबली नाहीस.

"यंत्र आर्लिसनं काढलं असं ग्लेनाला वाटतं," म्हणालीस. "ते आर्लिसनं लावलं होतं. नीट, नियमानं. म्हणाला होता, या वेळी खरं काय ते येऊ दे. डॅडीनं आपल्या हातानं काढलं आणि नेऊन टांगलं. मी गरोदर होते. डॅडी म्हणाला, काम बंद पडलं तर पहिला मुकादम जाईल. पोरीचं घर कसं चालेल?"

मी आर्लिसकडे पाहिलं. तू खोटं बोलतेस असं त्यानं म्हणावं, असं मला फार फार वाटत होतं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पुन्हा लाव, असं मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ना त्या दिवशी, ना नंतर."

मग तू ट्रकमध्ये जाऊन बसलीस आणि गेलीस. माझं पातेलं तसंच भरलेलं परत आलं.

मी चिडलेली आहे. हे नीट समजून घे, सगळं कळलं म्हणून माझा राग गेला असं धरून चालू नकोस. आर्लिसवर चिडलेय, कारण एवढं मनात ठेवून तो व्यासपीठावरून दुसऱ्यांना चुका कबूल करायला लावतो. तुझ्यावर चिडलेय, कारण तू हे एकटीनं पोटात ठेवलंस आणि मी तुझ्या नवऱ्याचा द्वेष करत तुझ्या टेबलावर जेवत राहिले. डॅडीवर चिडलेय. मेलेल्या बापावर चिडू नये म्हणतात. मी दोन दिवस त्याच्याशी भांडतेय. त्याला म्हणते, रेवाच्या पोरासाठी श्वास देऊन टाकलास, आणि मला विचारलं नाहीस? मीही तुझीच होते ना?

आणि सगळ्यात जास्त त्या लोकांवर चिडलेय ज्यांनी नियमच असा केला, की धूळ दाखवली तर पोरांची भाकरी जाणार आणि लपवली तर आपला श्वास. फास त्यांनी वळला आणि गाठ मारायला आमच्याच माणसांना दिला. त्यांच्यातला एकजण तरी कधी खुर्चीत बसून झोपला असेल का? मॉडी ब्रॅशियर हेच ओरडून सांगते, तर आपण तिच्यासाठी प्रार्थना मागतो!

आता ऐक. या वर्षी डॅडीला गाणं मिळालेलं नाही. आईबापाची लेकरं आपण दोघीच उरलोय आणि त्याची कबर मुकी राहिली, हे मला सहन होत नाही. रविवारी दुपारी आर्लिस झोपला की टेकडीवर ये. त्याला सांगून ये किंवा न सांगता ये. त्यालाही यायचं असेल तर येऊ दे, पण मागे उभं राहायचं आणि गप्प राहायचं.

ओळ मी देणार आहे. बायकांनी ओळ द्यायची नसते, मला शिकवू नकोस. माझा आवाज रागानं चिरका येईल, तोही चालवून घे.

तू फक्त उचल.

ग्लेना